गेल्या वर्षीचे उत्पन्न कमी असल्यास पत्नीच्या अमेरिकन व्हिसासाठी आर्थिक प्रायोजक होता येते का?

तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात, गेल्या वर्षी काही महिने नोकरी नसल्यामुळे टॅक्स रिटर्नवरचा आकडा मर्यादेखाली आहे, आता मात्र पूर्णवेळ नोकरी आहे. अशा स्थितीत पत्नीचा व्हिसा अडेल का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या पत्नीच्या वेळी मी याच अवस्थेतून गेलो आहे. केवळ त्या एका आकड्यामुळे व्हिसा अडतोच असे नाही, कारण फॉर्म आय-८६४ मध्ये, म्हणजे प्रायोजकाने भरायच्या आर्थिक हमीपत्रात, मुख्यतः तुमचे चालू वार्षिक उत्पन्न विचारलेले असते आणि मागील रिटर्न हा त्याच्या पडताळणीचा एक पुरावा असतो.

माझी चूक अशी झाली की फॉर्ममध्ये चालू पगार लिहूनही मी सोबत फक्त रिटर्नची प्रत जोडली. दोन्ही आकडे जुळेनात, त्यामुळे अधिक कागदपत्रे मागवली गेली आणि आमचे कित्येक आठवडे वाया गेले. म्हणून ताज्या वर्षाच्या टॅक्स ट्रान्सक्रिप्टसोबत (कर खात्याकडून मिळणारा रिटर्नचा अधिकृत सारांश) अलीकडच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या, तसेच नोकरी कधी सुरू झाली, ती कायमस्वरूपी आहे का आणि वार्षिक पगार किती हे स्पष्ट सांगणारे कंपनीचे पत्र पहिल्याच वेळी जोडावे. मधल्या काळात नोकरी का नव्हती, हेही चार ओळींत प्रामाणिकपणे लिहावे.

आवश्यक उत्पन्न हे संघराज्याच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असते. २०२५ च्या आकड्यांनुसार अलास्का आणि हवाई वगळता इतर राज्यांत दोन जणांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होते. हे आकडे दरवर्षी बदलतात, त्यामुळे फॉर्म भरताना चालू तक्ता पाहावा. कुटुंबातील माणसे मोजताना मात्र फार काळजी घ्यावी लागते. तुम्ही, पत्नी आणि तुमची २१ वर्षांखालील अविवाहित मुले यांच्याबरोबरच रिटर्नमध्ये दाखवलेले इतर अवलंबित, शिवाय पूर्वी कोणासाठी हाच फॉर्म भरला असेल आणि ती जबाबदारी अजून संपली नसेल तर ती व्यक्तीही मोजावी लागते. एक माणूस वाढला की मर्यादा काही हजार डॉलरने वर जाते.

तरीही उत्पन्न कमी पडत असेल, तर बचत किंवा वर्षभरात रोख करता येईल अशी मालमत्ता दाखवता येते. नागरिकाच्या पत्नीसाठी ती तुटीच्या तिप्पट असावी लागते, म्हणजे ५,००० डॉलर कमी पडत असतील तर १५,००० डॉलर.

शेवटचा मार्ग जॉइंट स्पॉन्सरचा, म्हणजे तुमच्याबरोबर आर्थिक हमी घेणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीचा. तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. मात्र तो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, अमेरिकेत वास्तव्य असलेला आणि १८ वर्षे पूर्ण केलेला असावा लागतो. त्याला त्याचे स्वतःचे कुटुंब अधिक तुमची पत्नी एवढ्या माणसांची मर्यादा एकट्याच्या बळावर गाठावी लागते, कारण तुमच्या आणि त्याच्या उत्पन्नाची बेरीज करता येत नाही. तुमचा स्वतःचा फॉर्म तरीही भरावाच लागतो.

मी माझ्या थोरल्या भावाला विचारले तेव्हा ही केवळ सही आहे असेच त्याला सांगितले होते, आणि ते चुकीचे होते. हा कायद्याने बंधनकारक करार आहे. पत्नी नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षे, जमा होईपर्यंत तो लागू राहतो. ती कायमची देश सोडून गेली किंवा तिचा अथवा प्रायोजकाचा मृत्यू झाला तरीही तो आधी संपतो. घटस्फोटाने तो संपत नाही. नंतर भावासमोर बसून मी त्याला संपूर्ण फॉर्म वाचून दाखवला आणि विचार करायला आठवडाभर वेळ दिला, त्यानंतर त्याने सही केली. तुम्हाला कोणाला विचारावे लागले, तर हे सारे सही घेण्यापूर्वीच सांगा.