‘प्रतिरूप’ कोणाला म्हणावे?

बायबलमधील शेवटचे पुस्तक असलेल्या प्रकटीकरणाच्या अकराव्या अध्यायात देवाचा संदेश देणारे जे दोन साक्षी येतात, ते ‘ख्रिस्ताचे प्रतिरूप’ आहेत असे एका प्रवचनात ऐकले, हा शब्दप्रयोग योग्य आहे का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते प्रवचनकारांनी दाखवलेले साम्य खरे आहे. शब्द मात्र उलट दिशेने वापरला गेला आहे.

मराठी पवित्र शास्त्रात रोमकरांस पत्र 5:14 येथे आदामाला ‘जो येणार होता त्याचे’, म्हणजे ख्रिस्ताचे, ‘प्रतिरूप’ म्हटले आहे. तेथील मूळ ग्रीक शब्द ‘तुपोस’ म्हणजे आघाताने उमटलेली खूण, ठसा किंवा साचा. येशूचा शिष्य थोमा त्याच्या हातांवरील ज्या खिळ्यांच्या खुणा पाहू इच्छितो (योहान 20:25), त्यांच्यासाठीही हाच शब्द आला आहे. धर्मशास्त्राच्या परिभाषेत मात्र त्याचा अर्थ अधिक नेमका होतो: जिच्यावरून पुढे येणाऱ्याची ओळख पटावी अशी आधीची व्यक्ती किंवा घटना. आपली अडचण ‘प्रति’ या उपसर्गाने होते. प्रतिबिंब, प्रतिध्वनी, प्रतिकृती या शब्दांत मूळ वस्तू आधी असते आणि ‘प्रति’ नंतर येते, त्यामुळे प्रतिरूप ऐकताच मराठी कानाला नक्कल जाणवते आणि काळाचा क्रम फिरतो. ग्रीकमध्ये नंतर येणाऱ्यासाठी ‘आंतितुपोस’ हा वेगळा शब्द आहे, आणि पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात (3:21) जलप्रलयाच्या संदर्भात बाप्तिस्म्याला तोच लावला आहे. ख्रिस्ती मंडळीच्या भाषेत प्रतिरूप हा शब्द आधीच्यासाठी रूढ झालेला असल्याने तो तसाच पाळावा. दोन साक्षींचे वर्णन ख्रिस्ताच्या चरित्रानंतरचे असल्यामुळे ते त्यात बसत नाहीत.

साम्य तपशिलाने पाहण्यासारखे आहे. साक्षी 1260 दिवस, म्हणजे 42 महिने किंवा साडेतीन वर्षे, संदेश देतात, मारले जातात, त्यांची प्रेते ‘जेथे त्यांच्या प्रभूलाही वधस्तंभावर खिळले’ त्या नगराच्या रस्त्यात पडतात, मग त्यांच्यात जीवनाचा श्वास येतो, ते मेघातून वर जातात आणि भूमिकंप होतो. प्रभूचा उल्लेख करून लेखकाने स्वतःच हा दुवा जोडला आहे. तरीही फरक पुसून टाकू नयेत. साक्षी साडेतीन दिवसांनी उठतात, येशू तिसऱ्या दिवशी. साक्षींचे स्वर्गारोहण त्यांचे वैरी पाहतात, येशूचे मात्र शिष्यांनी पाहिले. येशूचे सेवाकार्य साडेतीन वर्षे चालले हेही कोणत्याच शुभवर्तमानात स्पष्टपणे सांगितलेले नाही; योहानाने उल्लेखिलेल्या, यहुद्यांच्या वर्षातून एकदा येणाऱ्या वल्हांडण सणांवरून केलेले ते अनुमान आहे. अशा अनुमानावर 42 महिन्यांचे वेळापत्रक मांडून शेवटच्या काळाचा हिशेब करणे मला अत्यंत धोक्याचे वाटते, कारण त्यात भविष्यवाणीचे ओझे तिने न उचललेल्या आकड्यावर टाकले जाते.

साक्षींसाठी मी ‘ख्रिस्ताच्या मार्गाने जाणारे’ किंवा, एकच शब्द हवा असेल तर, ‘ख्रिस्तानुरूप’ असे म्हणेन.

तेराव्या अध्यायात देवाचा विरोधक म्हणून येणाऱ्या श्वापदाला मात्र हा शब्दही चालणार नाही. त्याच्या एका डोक्याला झालेल्या आणि नंतर बऱ्या झालेल्या प्राणघातक जखमेसाठी ग्रीक मजकुरात ‘जणू वधलेले’ अशी जी शब्दयोजना आहे, तीच पाचव्या अध्यायात कोकऱ्यासाठी, म्हणजे ख्रिस्तासाठी, आली आहे. शिवाय याच पुस्तकात देव ‘जो आहे, जो होता व जो येणार’ असा, तर श्वापद ‘होते, नाही आणि पुन्हा वर येणार’ असे सांगितले आहे. साम्य इतके जवळचे असूनही हेतू अगदी विरुद्ध, म्हणजे लोकांना फसवण्याचा आहे. त्यासाठी मराठीत ‘सोंग’ हा नेमका शब्द आहे: श्वापद ख्रिस्ताचे सोंग घेते. म्हणून प्रवचनात आदामाला प्रतिरूप, साक्षींना ख्रिस्तानुरूप आणि श्वापदाच्या पुनरुज्जीवनाला सोंग म्हटले, तर कोण आधीचा, कोण मागून चालणारा आणि कोण खोटा, हे ऐकणाऱ्याला लगेच कळेल.