आकडा नको, रीत लिही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मसुदा दोनदा वाचला. हापूसचा पल्प, ३.१ किलोचे डबे, पाच वर्षांचा करार आणि पाचही वर्षं एकच दर. खाली तुझा प्रश्न, 'काकी, दर बरा आहे, सही करू का?' तुझी ओढाताण मला कळते. एवढी मोठी कंपनी दारात आली आहे, बँकेला दाखवायला पाच वर्षांचा कागद मिळतो आहे, आणि घरातले सगळे म्हणतायत की हातचं घालवू नको. पण दर बरा की वाईट हे आज सांगणार कोण? पाचव्या वर्षीच्या मे महिन्यात कॅनिंगच्या आंब्याला काय भाव असेल हे तुला ठाऊक नाही, त्यांना नाही आणि वाशीच्या दलालालाही नाही. म्हणून आकडा लिहू नको. आकडा कसा काढायचा ती रीत लिही.

कायदा याच्या आड येत नाही. मालविक्री कायदा, १९३०, कलम ९ वाच. किंमत करारातच ठरवा, नाहीतर ती कशी ठरवायची ते करारात ठरवा, दोन्ही चालतं. आता तुझी खर्चाची वही उघड. समज, दरात फळाचा वाटा ६० टक्के, डब्याचा १५, इंधन-मजुरीचा १५ आणि उरलेले १० स्थिर. फळ २० टक्क्यांनी चढलं की पल्पचा दर १२ टक्क्यांनी चढेल. फळ उतरलं की दरही तेवढाच उतरेल, आणि ते उतरणंही लिहायचं. नुसती चढती रीत लिहिलीस तर पहिल्या मंदीत समोरचा ती धुडकावून लावेल, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मग फळाचा भाव कुठला धरायचा? नुसतं 'बाजारभाव' लिहिलंस तर काहीच लिहिलं नाहीस. कारखान्याच्या दारातला की बागेतला, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतची सरासरी, पावत्या कोण तपासणार, सगळं लिही. तिऱ्हाईताकडून भाव ठरवून घ्यायचा असेल तर कलम १० आधी बघ. त्याने भाव ठरवलाच नाही तर करार गळून पडतो, उचललेल्या मालाची तेवढी वाजवी किंमत मिळते. तेव्हा तो नसेल तर दुसरा कोण, हेही आत्ताच लिहायचं.

दर्जाचंही तेच. 'ब्रिक्स १६ च्या खाली नको' एवढ्यावर त्यांनी भागवलंय. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. कुणाच्या मीटरवर? रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या मीटरच्या, काचेवर थेंब टाकला की रेघ तापमानाप्रमाणे सरकते. वाचन २० अंश सेल्सिअसचं धरतात. तापलेल्या गोदामातला डबा फोडून कुणी जुन्या साध्या मीटरवर साडेपंधरा वाचलं, तर ट्रक परत फिरवायचा का? प्रत्येक बॅचचे तीन डबे दोघांच्या सहीने सील करा. एक तुझ्याकडे, एक त्यांच्याकडे, तिसरा वाद झाला तर ठरलेल्या प्रयोगशाळेसाठी. काळे ठिपके, आम्लता, सगळं त्याच रीतीने ठरवायचं.

आता 'दैवी आपत्ती'चं कलम. त्यात वादळ, पूर, संप अशी यादी दिली आहे आणि पुढे काही नाही. अरे, आपण कोकणात राहतो! ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरला येऊन आदळलं, मंडणगड-दापोलीत कितीतरी दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने ऐन हंगामात झाडावरचं फळ पाडलं, आणि २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. वादळ येणार हे आपल्याला ठाऊकच असतं, मग नुसतं नाव लिहून काय मिळवलंस? किती दिवसांत कळवायचं, दाखला कुणाचा चालेल, उरलेला माल गिऱ्हाइकांत कुठल्या प्रमाणात वाटायचा, तोवर त्यांनी दुसरीकडून घ्यायचा की थांबायचं, किती महिने गेले की दोघे मोकळे, ही रीत लिही. आणि माल महाग पडला म्हणून करार कायद्याच्या कलम ५६ चा, म्हणजे पाळणं अशक्य झालेला करार रद्द ठरतो त्या कलमाचा, आसरा मिळेल अशा भ्रमात राहू नको. इंडोनेशियाचा कोळसा महागला तेव्हा वीज कंपन्यांनी ते करून पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, खर्च वाढला म्हणून करार पाळणं अशक्य झालं असं होत नाही. मग पुन्हा तेच, भावाची रीत करारातच हवी.

माझा सगळ्यात जास्त राग मात्र तिसाव्या दिवशी करार संपवायच्या कलमावर आहे. ३० दिवसांची नोटीस, कारण द्यायची गरज नाही. ती एप्रिलच्या शेवटी आली तर? बागायतदारांना तू आगाऊ रक्कम दिलेली, डबे येऊन पडलेले. आमच्याकडे एका मोठ्या गिऱ्हाइकाने हेच केलं. त्यांच्या ब्रँडचे छापील डबे गोदामात छतापर्यंत रचलेले होते. करारात डब्यांची संख्या 'अंदाजे' होती आणि उरलेल्या डब्यांचं काय करायचं याची एक ओळही नव्हती. खाऱ्या हवेने दोन पावसाळ्यांत सांधे तांबूस झाले. दुसऱ्याचं नाव छापलेला डबा भंगारवाल्याशिवाय कोण घेणार?

त्यानंतर मी ठाम झाले. पुढचं मोठं गिऱ्हाईक ही रीत लिहायला तयार नव्हतं, म्हणून मी त्यांना जाऊ दिलं. दिरांनी त्यावरून माझ्याशी बोलणं सोडलं आणि ते शेवटपर्यंत सोडलेलंच राहिलं. ती खंत मला आहे. पण करार सोडल्याची नाही. कारखाना तेव्हा लहान राहिला, तरी कुणाच्या दारात उभा राहिला नाही. लोक मला हट्टी म्हणाले. म्हणू देत. तुझ्या वडिलांनाही मी तेव्हा हेच सांगितलं होतं.

तेव्हा लिही, मार्च ते जून नोटीस लागू होणार नाही, आणि घेतलेलं फळ व छापील डबे यांचे पैसे तेच देतील. प्रमाणाचं कलमही असंच. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष हुलकावणी देतो. ठरावीक टनांच्या जागी किमान आणि कमाल लिही, आणि मार्चअखेर फळधारणा बघून त्या वर्षीचा आकडा कळवायची सोय ठेव.

'आमच्या विभागाने माल पसंत केल्यापासून ९० दिवसांत पैसे' हे खोडून टाक. तुमचा उद्योग लघु आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांवर मुदत जातच नाही, आणि १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. उद्यम नोंदणीचा क्रमांक करारातच घाल. लवादाचं ठिकाण वगैरे वकील बघतील.

आधी दराचं परिशिष्ट तयार कर. गेल्या तीन हंगामांच्या खऱ्या पावत्या त्या रीतीत घालून बघ आणि निघालेले तीन दर मला रविवारपर्यंत पाठव. एखाद्या वर्षी तोटा दिसला तर वाटे पुन्हा मांडू. तोवर त्यांना काही उत्तर देऊ नको, फोनवरही नाही.

आईला नमस्कार सांग.

तुझी
काकी