बाग वाटण्याआधी सातबाऱ्यावरचा बोजा उतरवा

प्रश्न : मी ६६ वर्षांचा, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. घरखर्च ३२ हजारांच्या पेन्शनवर भागतो. रत्नागिरीजवळ सहा एकर हापूस आहे, २४० च्या आसपास कलमं. निम्मी जागा वाडवडिलांची, निम्मी मी घेतलेली. वर्षाला पाच लाख सुटतात. गेल्या हंगामात थ्रिप्स कीड आणि अवकाळीमुळे दीडच लाख हाती आले. थोरला पुण्याला नोकरीत, धाकटा माझ्याबरोबर बाग बघतो, मुलगी ठाण्याला असते, तिच्या लग्नात सगळं केलं आहे. मागे भांडणं नकोत म्हणून राहत्या घरासह बाग आत्ताच दोघा मुलांना बक्षीसपत्राने द्यावी म्हणतो. पॅकहाउसच्या (आंबा निवडून पेट्या भरायच्या शेडच्या) कर्जाचे ९ लाख (व्याज ११ टक्के) आणि पीककर्जाचे ३ लाख बाकी आहेत, ते माझ्याच नावावर राहू देत. मी मध्येच गेलो तर कर्ज फिटावं म्हणून बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून दोन वर्षांपूर्वी विमा घेतला : वर्षाला अडीच लाख, दहा वर्षं, विसाव्या वर्षी ५० लाख मिळतील म्हणतात. माझं वय बसत नव्हतं म्हणून तो धाकट्याच्या आयुष्यावर आहे. तर बक्षीसपत्र करू की मृत्युपत्र?

उत्तर : बक्षीसपत्राचं नंतर बघू. आधी तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य.

विमा ज्याच्या आयुष्यावर असतो, त्याच्या मृत्यूनंतरच मृत्युलाभ मिळतो. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर या पॉलिसीतून कर्जाकडे एक रुपयाही जाणार नाही. उलट अडीच लाखांचा हप्ता भरणारं माणूसच घरात उरणार नाही. तुम्ही ज्या कारणासाठी पॉलिसी घेतली, त्या कारणाशी तिचा काडीचा संबंध नाही. वय बसत नाही म्हटल्यावर त्या साहेबांनी तुम्हाला तिथेच थांबवायला हवं होतं. त्याऐवजी मुलाचं नाव घालून फॉर्म भरून घेतला, याचा मला मनापासून राग येतो.

आता हिशेब. दहा वर्षांत २५ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी ५० लाख घ्यायचे, म्हणजे परतावा पडतो वर्षाला साडेचार-पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. तिकडे कर्जावर तुम्ही ११ टक्के मोजताय. हापूस वर्षाआड धरतो, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मग पाच लाख हे दरवर्षीचं उत्पन्न धरू नका. चांगलं आणि वाईट वर्ष मिळून तीन लाख धरा. त्यातले अडीच विम्याला गेले, पॅकहाउसचं नुसतं व्याज एक लाख. बाग वर्षाकाठी ५० हजारांनी तोट्यात, आणि मुद्दल अजून जागचं हललेलं नाही.

पॉलिसी बंद करा. आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच सोडून दिली, तर किती मिळतील हे कंपनीकडून लेखी घ्या. भरलेल्या पाच लाखांतले निम्मे परत आले असं धरू. अडीच लाख गेल्याचं दुःख होईल, पण ते वसूल करण्यासाठी आणखी २० लाख भरणं परवडणारं नाही. आलेले अडीच लाख पॅकहाउसच्या खात्यात भरले की बाकी साडेसहा. पीककर्ज वेळेवर नवं-जुनं केलंत, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं उचललंत, तर व्याज सवलतीमुळे किरकोळ राहतं. मग ते व्याज वजा जाता बागेच्या तीन लाखांतले पावणेतीन लाख दरवर्षी पॅकहाउसच्याच खात्यात घाला. तीन हंगामांत, एखादा वाईट गेला तर चार, कर्ज संपलेलं असेल.

‘कर्ज माझ्या नावावर राहू दे, मुलांना बाग मिळू दे’ हे मात्र होणारच नाही. सातबारा काढा आणि इतर हक्कांचा रकाना बघा. बँकेचा बोजा, म्हणजे जमीन कर्जापोटी गहाण असल्याची नोंद, तिथे असणार. तो जमिनीवर असतो, जमिनीबरोबर मुलांकडे जातो, आणि बँकेला न विचारता गहाण जमीन बक्षीस देणं म्हणजे नव्या कटकटीला आमंत्रण. शिवाय सगळीच मालमत्ता बक्षीस दिली, तर घेणाऱ्यावर देणाऱ्याच्या कर्जाची जबाबदारी त्या मालमत्तेच्या मर्यादेत कायद्यानेच येते.

आधी वाटणी आणि मग कर्ज, या क्रमाचं काय होतं याचं माझ्या डोक्यात बसलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. व्हर्जिनिया ब्रिटिश वसाहत असताना जॉन वेल्स नावाचा बडा तंबाखू मळेवाला १७७३ साली वारला. मागे हजारो एकर जमीन, बरीच गुलाम माणसं आणि इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांचं मोठं कर्ज. वारसांनी कर्ज मिटेपर्यंत थांबायला हवं होतं. त्यांनी १७७४ मध्ये मालमत्ता वाटून घेतली आणि कर्जही आपापल्या अंगावर घेतलं. त्यात एक जावई होता थॉमस जेफरसन, पुढचा राष्ट्राध्यक्ष. त्याच्या वाट्याला सुमारे ११ हजार एकर आणि १३५ माणसं आली. कर्जासाठी त्याने निम्म्याच्या आसपास जमीन विकली, पण स्वातंत्र्ययुद्धात कागदी चलन गडगडलं आणि विक्रीचे पैसे मातीमोल झाले. जमीन गेली, कर्ज राहिलं. १७९० मध्ये त्याचे नव्याने हप्ते बांधावे लागले. पुढे स्वतःच्या खर्चिकपणाचीही भर पडली. १८२६ मध्ये तो वारला तेव्हा देणं एक लाख डॉलरच्या वर होतं. आणि त्याची सगळ्यात मोठी किंमत ज्यांनी कर्ज काढलंच नव्हतं त्यांनी मोजली : १८२७ च्या जानेवारीत त्याच्या माँटिसेलोच्या मळ्यावरच्या १३० गुलाम माणसांचा लिलाव झाला, कुटुंबं विखुरली.

आता तुमचा मूळ प्रश्न : मृत्युपत्र. मुलांना शेतजमीन बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये लागतं म्हणून बक्षीसपत्राचा मोह होतो, पण ते एकदा झालं की सहजी फिरत नाही. मुलं सांभाळत नाहीत म्हणून ते रद्द करून घ्यायचं, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली सांभाळाची अट दाखवावी लागते. घरही देऊन टाकलंत तर तुमच्यामागे तुमची पत्नी कोणाच्या छपराखाली राहणार? फॅमिली पेन्शन तुमच्या पेन्शनच्या साधारण साठ टक्के मिळेल, तेवढ्यावर भाड्याचं घर शक्य नाही. मृत्युपत्र हवं तितक्या वेळा बदलता येतं. दोन साक्षीदार घ्या, नोंदणीही करा, आणि पत्नीचा घरात हयातभर राहण्याचा हक्क स्पष्ट लिहा.

लग्नातला खर्च हा मुलीचा वाटा नव्हे. वाडवडिलांची जागा कायद्याने वडिलोपार्जित ठरत असेल तर २००५ पासून तिथे मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि मृत्युपत्राने तुम्हाला फक्त स्वतःचा हिस्सा देता येईल. जुने फेरफार (जमीन कोणाकडून कोणाच्या नावावर आली त्या नोंदी) वकिलाला दाखवून हे आधी ठरवून घ्या. तसंच २४० कलमांचे तुकडे पाडू नका. फवारणी, राखण, गडी या खर्चात लहान तुकडा टिकत नाही. बाग धाकट्याने चालवावी आणि भावाबहिणीचा वाटा काही हंगामांत पैशाने द्यावा, हे जास्त जमणारं आहे.

त्यासाठी तिघांचं मत लागेल, आणि तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. गणपतीला सगळी घरी येतील तेव्हा सातबारा, दोन्ही कर्जांचे खातेउतारे आणि सरेंडरचा आकडा त्यांच्यापुढे ठेवा. मुलीला आवर्जून बसवा. मृत्युपत्राचा मसुदा त्यानंतर करा.