घरी केलेलं चॉकलेट गोळा होतं आणि आतले काजू-बदाम मऊ पडतात, काय चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय की फराळाच्या डब्यात द्यायला चॉकलेट-बदाम केले पण चॉकलेट वितळता वितळताच घट्ट गोळा झालं, जेवढं वाचलं त्यातले काजू दुसऱ्या दिवशी मऊ आणि वर पांढरट डाग, आणि घरात ओव्हन पण नाही थर्मामीटर पण नाही. हे सगळं माझ्याकडेही होऊन गेलंय. आता गेली काही वर्षं दर दिवाळीला पन्नासेक नग करते, गॅसवरच करते, आणि माझं मत असं झालंय की आपण सगळे चॉकलेटची काळजी करत बसतो आणि दाण्यांकडे बघतच नाही. खरी चव दाण्यांत असते.

पाकिटातून काढलेले बदाम-काजू तसेच कधीच घालू नका. त्यांच्यात थोडा ओलावा असतो आणि खमंगपणा भाजल्याशिवाय येत नाही. आपण दाण्याच्या कुटासाठी शेंगदाणे कसे भाजतो, घाई न करता, हात चालू ठेवून, अगदी तसंच. जाड बुडाची कढई, मंद आच, बदामाला 10-12 मिनिटं, काजूला 5-6, अक्रोडाला 4 सुद्धा पुरतात कारण तो पटकन कडवट होतो. मिनिटं अंदाजे धरा, खरं बघायचं म्हणजे एक बदाम सुरीने मधोमध कापायचा, आत फिकट सोनेरी दिसला की गॅस बंद. आणि लगेच ताटात पसरून ठेवा, कढईत राहिले तर तिच्या उष्णतेने करपतात. मग पूर्ण गार होऊ द्या, म्हणजे खरंच तास-दीड तास, हाताला कोमट लागले तरी थांबा. गरम दाण्यांची वाफ चॉकलेटमध्ये कोंडते आणि डब्यात मऊ पडायचं एक मोठं कारण हेच असतं. शेंगदाणे वापरले तर सालं चोळून पाखडून घ्या, नाहीतर सालं दाताखाली येतात. माझ्या घरी तर काजूपेक्षा शेंगदाण्याचीच आधी संपतात, चिमूटभर मीठ घालून करून बघा.

आता चॉकलेट. पहिल्यांदा करताय तर डार्क कंपाउंडचा स्लॅब आणा, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत स्लॅब, मोल्ड, रंगीत फॉइलचे कागद सगळं एकाच फेरीत मिळतं. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं म्हणून ते वितळवून ओतलं की आपोआप चमकदार सेट होतं. पाकिटामागचे घटक वाचा, वनस्पती तेलाऐवजी कोको बटर लिहिलं असेल तर ते खरं चॉकलेट, त्यातलंच जास्त कोको बटरचं ते कुव्हर्चर, चवीला खूपच सरस पण त्याचं तापमान सांभाळावं लागतं (खाली सांगते).

पन्नास नगांसाठी मी 400 ग्रॅम डार्क, 100 ग्रॅम मिल्क कंपाउंड आणि भाजलेले 250 ग्रॅम दाणे घेते. स्लॅब बारीक चिरायचा, मोठे तुकडे टाकले की खालचं जळतं आणि वरचं तसंच राहतं. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळा, गॅस बंद करा, मग त्यावर चॉकलेटचं कोरडं भांडं ठेवा, तळ पाण्याला टेकता कामा नये. झाकण अजिबात नको, झाकणाला जमलेलं पाणी आत पडतं. तुमचा गोळा झाला तो बहुतेक इथेच. वितळलेलं चॉकलेट म्हणजे फॅटमध्ये तरंगणारे साखर आणि कोकोचे कोरडे कण, त्यात पाण्याचा एक थेंब गेला तरी ते कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. ओला चमचा, भांड्याखालची वाफ, धुऊन नीट न पुसलेलं मोल्ड, एवढं पुरतं. माझं एकदा नुकत्याच धुतलेल्या उलथन्यामुळे अख्खं अर्धा किलो गेलं होतं, फार वाईट वाटलं होतं. पण गोळा झालेलं टाकू नका हं, 100 ग्रॅमला तीन-चार मोठे चमचे गरम दूध घालून घोटा, छान सॉस होतो, मुलं पोळीला लावून खातात.

वितळल्यावर पाच मिनिटं कोमट होऊ द्या, मग दाणे घाला, हलवा, चमच्याने बटर पेपरवर छोटे ढीग घाला. मोल्ड नसला तरी काही अडत नाही. आवडत असेल तर लोणावळ्याची शेंगदाणा चिक्की जाडसर कुटून त्यात मिसळा, चॉकलेटचं आवरण बसलं की चिक्की चिवट होत नाही, कुरकुरीत राहते.

डागांबद्दल. बोट फिरवून बघा. खरखरीत लागलं तर साखर वर आलीय, म्हणजे फ्रीजमधून काढल्यावर दव जमलं आणि सुकलं. गुळगुळीत असून बोटाच्या उबेने नाहीसं झालं तर फॅट वर आलंय. दोन्ही खायला चालतात, दिसायला वाईट एवढंच. म्हणून फ्रीजमध्ये 10-15 मिनिटंच ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फॉइलमध्ये गुंडाळू नका. पुण्यात दिवाळीच्या सुमाराला हवा बरी असते, पण एप्रिल-मे मध्ये मी करतच नाही, कोको बटर साधारण 34 अंशाला वितळतं आणि आपल्याकडे पारा 40 ला टेकतो.

कुव्हर्चरचं सांगते म्हटलं होतं. कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारचे बनतात आणि चमक आणि मोडताना येणारा तो कट्ट आवाज फक्त पाचव्यात असतो, तो मिळवायला डार्क चॉकलेट 45 ते 50 अंशांपर्यंत वितळवून 27-28 ला आणायचं आणि परत 31-32 करायचं. थर्मामीटर नसेल तर दोन भाग वितळवा, एक भाग बारीक चिरलेलं त्यात हळूहळू घालत ढवळत राहा, आणि खालच्या ओठावर थेंब लावून बघा, किंचित गार लागला की ओतायला घ्या. सुरीच्या टोकावर थोडं लावून ठेवा, पाच मिनिटांत चकचकीत घट्ट झालं तर जमलं, नाहीतर पुन्हा वितळवा, फुकट जात नाही.

हवाबंद डब्यात, उन्हापासून लांब ठेवलीत तर पंधरा दिवस छान राहतात, पण अक्रोडाची आधी संपवा, तो लवकर खवट होतो. आणि कोणाला द्यायची असतील तर डब्यावर शेंगदाणे आहेत का काजू ते चिठ्ठीवर लिहाच, काहींना शेंगदाण्याची जबर ॲलर्जी असते.