नववी नापासाची बॅच कोणती?

दिवाळी सरली की ठाण्यात माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू होतो आणि या सदराकडे येणारी पत्रंही तिकडेच वळतात. म्हणून दाखल्यातल्या नावाची दुरुस्ती, जन्मतारखेचा घोळ वगैरे नेहमीचे प्रश्न या अंकापुरते बाजूला ठेवले आहेत. नवीन वाचकांसाठी सांगते, मी शिक्षिका नव्हते. ठाण्यातल्या एका शाळेच्या कार्यालयात लिपिक होते आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यामुळे माझी उत्तरं खिडकीच्या आतल्या बाजूची आहेत असं समजून वाचावीत.

प्रश्न : नमस्कार बाई. आमच्या शाळेच्या १९९१च्या दहावीच्या बॅचचं दोन दिवसांचं संमेलन आहे. शनिवारी नौपाड्यात शाळेत कार्यक्रम आणि रविवारी येऊरला एका बंगल्यावर. पाचवीपासून नववीपर्यंत मी याच मुलांबरोबर होतो. १९९० साली नववीला नापास झालो आणि १९९२ला दहावी सुटलो. ज्यांच्याबरोबर वाढलो ते सगळे ९१चे. ज्यांच्याबरोबर पास झालो त्यांची निम्मी नावंसुद्धा आठवत नाहीत. मध्यंतरी जांभळी नाक्यावर जुना मित्र भेटला. त्यानं मला ग्रुपमध्ये घ्यायला सांगितलं, तर ‘ही फक्त ९१ची बॅच आहे’ असं उत्तर आलं. मग दुसऱ्या कोणीतरी परस्परच मला घेतलं. आता सगळे ‘वेलकम’ म्हणताहेत, पण मी अजून एक शब्द लिहिलेला नाही. माझं टू-व्हीलर दुरुस्तीचं गॅरेज आहे, बरं चाललंय. वर्गणी साडेतीन हजार आहे, अडचण पैशांची नाही. जावं का? आणि दहावीला किती टक्के होते असं कोणी विचारलं तर काय सांगायचं?
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : जा.

आधी ते ‘फक्त ९१ची बॅच’ प्रकरण मिटवू. मूल शाळेत आलं की त्याचं नाव जनरल रजिस्टरला चढतं आणि त्याला एक नंबर पडतो. शाळेच्या लेखी तीच त्याची ओळख. कितीही वर्षांनी दाखल्याची दुसरी प्रत मागायला या, आम्ही आधी तो नंबर शोधतो. त्या रजिस्टरात संपूर्ण नाव असतं, जन्मतारीख, जन्मठिकाण, आधीची शाळा, कितवीत आणि कधी प्रवेश घेतला, आणि पानाच्या उजव्या टोकाला शाळा सोडल्याची तारीख, कारण, वर्तणूक, शेरा. बॅच असा रकाना त्यात नसतो. तुम्ही ज्या जूनमध्ये पाचवीत आलात, त्या जूनमध्ये आलेल्या मुलांची नावं तुमच्या वर-खाली लिहिलेली आहेत, आणि आजही तशीच आहेत. ग्रुपच्या ॲडमिनने यादी केली ती दहावीच्या निकालावरून. ते सोपं पडतं म्हणून केली असेल, त्यात वाईट हेतू शोधू नका. पण ती यादी म्हणजे वर्ग नव्हे.

आता नववीबद्दल. त्या काळी मुलं नववीतच का अडकायची हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. दहावी बोर्डाची, तिचा निकाल सगळ्या गावाला कळायचा. नववी मात्र शाळेच्या हातातली. दहावीचा निकाल वर राहावा म्हणून कच्च्या वाटणाऱ्या मुलांना नववीतच गाळायचं, हा सर्रास चालणारा प्रकार होता आणि तो ठाण्यापुरताही नव्हता. निकालानंतर आमच्या खिडकीवर वडील मंडळी येत. वागळे इस्टेटमधून पहिली पाळी करून आलेले, हातात रिकामा डबा. आधी हळू आवाजात विचारायचे, ‘वर ढकलता येईल का?’ नाही म्हटल्यावर, ‘मग दाखला द्या.’ दाखला नेलेली काही मुलं पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसली, काही थेट कामाला लागली. रजिस्टरात कारणापुढे लिहिलं जायचं ‘पालकांच्या विनंतीवरून’. विनंती म्हणे!

तुम्ही दाखला नेला नाहीत. धाकट्या पोरांच्यात परत त्याच वर्गात जाऊन बसलात आणि दहावी काढलीत. वर गेलेली मुलं मधल्या सुट्टीत समोरून जात असणारच. चौदा-पंधराव्या वर्षी ते कसं लागतं ते पंच्याऐंशी टक्केवाल्यांना विचारून कळायचं नाही.

टक्क्यांची काळजी सोडा. पन्नाशीला टक्के कोणी विचारत नाही. राहतोस कुठे, मुलं काय करतात, साखर आहे का, या क्रमाने विचारतात. चौथा प्रश्न ‘सध्या काय करतोस’ हा. ‘गॅरेज आहे’ एवढंच सांगा, ‘छोटंसं’ हा शब्द त्याला जोडू नका. पाचव्या मिनिटाला कोणीतरी आपल्या स्कूटरच्या आवाजाबद्दल सल्ला विचारेल. तो फुकट द्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

ग्रुपवर पहिला निरोप काय लिहायचा? ‘सर्वांना नमस्कार, ग्रुपमध्ये घेतल्याबद्दल आभार’ हे नको, त्यावर फक्त हात जोडलेली चित्रं येतील. तुम्ही कुठे बसायचात ते लिहा. कितवा बाक, खिडकीची रांग की दाराची, शेजारी कोण, डब्याला कोणाबरोबर. माणसं चेहरा विसरतात, आडनावात गोंधळ करतात, पण बाक विसरत नाहीत. दुसऱ्या प्रतीसाठी आलेली माणसं मला वर्ष चुकीचं सांगायची, तुकडी चुकीची सांगायची, पण ‘गच्चीच्या जिन्याला लागून वर्ग होता आमचा’ हे बरोबर असायचं आणि त्यावरून मला वर्ष काढता यायचं.

आता माझं खरं म्हणणं. प्रेक्षक म्हणून जाऊ नका, काम मागून घ्या. या संमेलनांचा साचा ठरलेला आहे : दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि मग एकेकाने उठून ओळख करून द्यायची. चाळीस जण असले आणि प्रत्येकाने दोनच मिनिटं घेतली तरी ऐंशी मिनिटं जातात, आणि दोन मिनिटांत बसणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हुद्द्यांची माळ लागते. ज्याला हुद्दा नाही तो मागच्या खुर्चीत घड्याळ बघतो. मैत्री काही तिथे परत जुळत नाही. ती जुळते सतरंज्या घालताना, कोणाला स्टेशनवरून आणायचं यावर वाद घालताना, भांडी मोजताना.

तुमच्यासाठी काम तयारच आहे : रविवारच्या गाड्या. कोण कोणाच्या गाडीत, स्टेशनच्या पूर्वेला कोणाला घ्यायचं, पश्चिमेला कोणाला. रविवार आहे, म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक गृहीत धरा. बदलापूर-डोंबिवलीहून येणाऱ्यांना आदल्या दिवशी वेळा बघून कळवायला लागेल. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, वाटेत वनखात्याचा नाका आहे, तेव्हा किती वाजेपर्यंत परत खाली यायचं हे बंगलेवाल्याला आधी नीट विचारून घ्या. तिथे स्पीकर लावायचा बेत कोणी आखत असेल तर तोही मोडा. गाड्यांबद्दल तुमच्याइतकं त्या ग्रुपमध्ये दुसऱ्या कोणाला कळत नसेल, आणि या निमित्ताने प्रत्येकाशी निदान एक फोन होतो. दोन दिवसांत तुमची ओळख ‘नववीला राहिलेला’ ऐवजी ‘गाड्यांचं बघणारा’ अशी होईल. ती चालेल ना?

आणि एक. तुमच्याबरोबर नववीत आणखी कोण कोण राहिलं होतं? आठवीत शाळा सोडून कोण गेलं? ही नावं पहिल्या नंबरवाल्यांना आठवणार नाहीत, ती फक्त तुमच्याकडे आहेत. त्यातल्या दोघा-तिघांना शोधा आणि बरोबर घेऊन जा. ‘फक्त ९१’ म्हणणाऱ्याला रजिस्टराचं सांगा, माझा हवाला द्या.

प्रश्न : आमच्या संमेलनासाठी मुलगे जवळजवळ सगळे सापडले, मुली मात्र मोजक्याच. शाळेच्या कार्यालयात जुने पत्ते मागितले तर मिळतील का? ज्या सापडल्या त्यांतल्या काही ‘बघते’ म्हणून गप्प बसल्या आहेत.
— संयोजन समितीतली एक, ऐरोली

उत्तर : पत्ते मागू नका. शाळेने देऊ नयेत आणि मीही कधी दिले नाहीत. आणि देऊन उपयोग काय? पत्ता चाळीचा असणार. पण इथेच एक वाट आहे. नौपाडा, विष्णूनगर, चरई भागात चाळी पाडून इमारती झाल्या, तरी पुष्कळ जुने भाडेकरू त्याच जागी वरच्या मजल्यावर गेलेले आहेत. कोण कुठल्या गल्लीत राहायचं हे तुम्हाला आठवत असेल, तर तिथल्या सोसायटीत जाऊन माहेरच्या आडनावाची चौकशी करा. भाऊ, वहिनी, नाहीतर आई भेटतेच. मुलीला शोधायची असेल तर तिचा धाकटा भाऊ शोधावा. तो बहुधा त्याच शाळेत दोन-तीन वर्गांनी मागे होता आणि त्याच्या बॅचचाही ग्रुप असणार. निरोप समारंभाचा फोटो असेल तर चेहऱ्यांना आकडे घालून ग्रुपवर फिरवा. नावं आपोआप येतात, भांडणांसकट.

फोन मात्र मुलींनीच मुलींना करा. ‘मी तुझ्या वर्गातला अमुक’ असा फोन सासरच्या बैठकीत उचलला गेला की पुढचे दोन दिवस तिला खुलासे करत बसावं लागतं. पन्नाशीतही लागतं, हसू नका. फोनवर आधी माहेरचं नाव सांगा. नंबर मिळाला की तिला विचारल्याशिवाय ग्रुपला जोडू नका. आणि कोणाला सापडायचंच नसेल तर एका फोनवर थांबा. शाळेतले दिवस सगळ्यांचे सुखाचे गेले असं नसतं.

‘बघते’ म्हणणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा कार्यक्रमपत्रिकेतच असतं. मुक्काम आहे, रात्रीचं जेवण आहे, गाण्यांचा कार्यक्रम नऊला सुरू. घरी सासूबाईंचं औषध आणि सकाळचा डबा असलेली बाई ‘बघते’च म्हणणार. सकाळी अकरा ते चार असा एक दिवस पूर्ण वाटेल असा ठेवा, मुक्काम ज्याला हवा त्याला. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यापासून ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेच्या बायकांना ठाणं लांब राहिलेलं नाही. दिवेलागणीला घरी पोचता येईल अशी वेळ दिलीत तर त्या येतील.

प्रश्न : शिक्षकांचा सत्कार शाल-श्रीफळ देऊन करणं जुनाट वाटतं. दुसरं काय द्यावं?
— एक माजी विद्यार्थिनी, वर्तकनगर

उत्तर : निवृत्त शिक्षकांच्या घरी कपाटाचा एक कप्पा शालींचाच असतो. त्या पुढे दुसऱ्यांच्या सत्काराला जातात. घरून आणायला आणि परत सोडायला गाडी द्या. तळमजल्यावर, हात असलेल्या खुर्चीत बसवा, स्वच्छतागृह जवळ असू द्या आणि जेवण साडेबाराला वाढा. भाषणं लांबली म्हणून मधुमेहाच्या माणसाला दोन वाजेपर्यंत ताटकळत ठेवू नका. त्यांना बोलायचं असेल तर माइक पहिल्यांदा त्यांना. शिपाईमामांना आणि प्रयोगशाळेच्या परिचरांनाही बोलवा, ते तुम्हाला शिक्षकांआधी ओळखतील. (लिपिकांना बोलवायची पद्धत नाही. दाखल्यावर त्यांचीही सही असते, हे आपलं जाता जाता.)

प्रश्न : संमेलनाच्या वर्गणीतून पैसे उरले आहेत. बॅचचं नाव घालून शाळेला मोठं घड्याळ द्यावं असा विचार आहे.
— खजिनदार, कळवा

उत्तर : घड्याळं भरपूर आहेत, बरीचशी बंद. मुख्याध्यापकांना भेटून काय हवंय ते विचारा. अनुदानित शाळेला पगाराचे पैसे सरकारकडून येतात, पण खडू, दुरुस्ती, वीजबिल यांसाठीचं वेतनेतर अनुदान तुटपुंजं असतं आणि उशिरा येतं. त्यामुळे मागणी बहुधा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या नळांची किंवा पाण्याच्या फिल्टरची असेल. फिल्टर दिलात तर पुढच्या काही वर्षांच्या देखभालीचे पैसेही त्यातच धरा. रोख देऊ नका, संस्थेच्या नावाने चेक द्या, पावती घ्या आणि तिचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाका. पुढच्या संमेलनाआधी भांडण होतं ते हिशेबावरूनच.