वाचकांचे प्रश्न : रंकाळ्यावरचा बगळा पांढराफटक का येतो?

प्रश्न : मी दर रविवारी संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. साधा डीएसएलआर कॅमेरा आणि ५५-२५० मिलिमीटरची लेन्स एवढेच साहित्य माझ्याजवळ आहे. बगळा म्हणजे नुसता पांढरा डाग येतो आणि वारकरी पक्षी काळा गोळा दिसतो. ६०० मिलिमीटरच्या लेन्सशिवाय पक्ष्यांच्या नादी लागू नये, असे मित्र सांगतात. हप्त्यांवर अशी लेन्स घ्यावी काय?
(एक वाचक, फुलेवाडी)

उत्तर : कृपया घेऊ नका. आपण लिहिलेल्या दोन्ही अडचणींचा लेन्सशी संबंध नाही. पहिली अडचण वेळेची आहे. रंकाळा शहराच्या पश्चिम अंगाला असल्यामुळे चौपाटीवरून पाण्याकडे पाहताना मावळतीचा सूर्य आपल्या समोर येतो, आणि पक्ष्याची जी बाजू आपल्याला दिसते तीच नेमकी सावलीत जाते. संध्याकाळचे आकाश, पाण्यावरचा तांबूस पट्टा, शालिनी पॅलेसची आकृती यांसाठी ती वेळ उत्तमच आहे. पक्ष्याच्या पिसांसाठी मात्र नाही. त्याच जागी सूर्योदयानंतरच्या दीड तासात गेलात, तर सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि कोवळे ऊन सरळ पक्ष्याच्या अंगावर पडते. येत्या रविवारी फक्त एवढा बदल करून पाहा.

दुसरी अडचण उजेड मोजण्याची आहे. समोर पांढरे आहे की काळे, हे कॅमेऱ्याच्या मीटरला कळत नाही. दृश्यातल्या एकूण उजेडाची सरासरी मध्यम करड्या छटेवर आणणे एवढेच तो जाणतो. बगळा गडद पाण्यावर उभा असला, की चौकटीत पाणी जास्त आणि बगळा कमी असतो. कॅमेरा त्या गडद पाण्याला उजळवू पाहतो आणि त्या भरात बगळ्याची पिसे जळून जातात. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे छायाचित्र उजळ किंवा गडद करण्याची कॅमेऱ्यातली सोय, उणे एकपर्यंत आणावे. वारकरी चमकत्या पाण्यावर असला तर नेमके उलटे घडते, म्हणून तेथे ते अधिक पाऊण ते एकपर्यंत वाढवावे. छायाचित्र काढल्यावर पडद्यावर हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख, पाहावा. त्याचा डोंगर उजव्या कडेला जाऊन आदळला असेल, तर पांढऱ्यातला तपशील गेला असे समजावे. असा गेलेला तपशील नंतर संगणकावरही फारसा परत मिळत नाही, तर गडद भागातला बराचसा वर काढता येतो. म्हणून दोन्ही पक्षी एकाच चौकटीत आले, तर बगळ्याला सांभाळावे.

आता अंतराविषयी. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे २५० मिलिमीटरची लेन्स जवळजवळ ४०० मिलिमीटरइतके दृश्य देते. उरलेले अंतर पक्ष्यालाच कापू द्यावे. मागच्या हिवाळ्यात मी काठावरच्या दगडावर कोपर टेकवून, कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर धरून पाऊण तास बसलो होतो. आरंभी दूर गेलेले वारकरी अर्ध्या तासाने पाणवनस्पती उपटत पुन्हा काठाकडे आले. त्यांतला एक इतका जवळ आला, की त्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा, लालभडक डोळा आणि पाठीवर न भिजता थरथरणारे पाण्याचे थेंब वेगवेगळे दिसू लागले. उभ्याने, कठड्यावरून खाली रोखून काढलेल्या छायाचित्रात तो डोळा कधीच असा भेटत नाही. वारकरी उडण्यापूर्वी पाण्यावरून बरेच अंतर धावतो. ती धाव पकडण्यासाठी शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावे आणि त्यापायी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० किंवा १६०० झाला तरी बिचकू नये. थोडे दाणेदार छायाचित्र हललेल्या छायाचित्रापेक्षा केव्हाही बरे.

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या आवारातील डबल तगरीच्या झाडावर शिंपी पक्ष्याने पाने शिवून घरटे केले आहे. पान किंचित बाजूला धरून आतली अंडी टिपली तर चालेल काय? मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी छायाचित्र हवे आहे.
(एक वाचक, रुईकर कॉलनी)

उत्तर : चालणार नाही. शिंपी पक्ष्याच्या घरट्याला शिवलेले पान हीच भिंत आणि तेच छप्पर असते. टाका एकदा उसवला, की पावसाचे पाणी आत जाते आणि कावळ्या-भारद्वाजांच्या नजरेपासून लपलेली जागा उघडी पडते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे हेही येते, हे मुलीलाही अवश्य सांगा.

प्रकल्प मात्र याहून चांगला होऊ शकेल. खोलीची खिडकी तगरीच्या बाजूला असेल, तर पडद्याआड बसून नर-मादीची ये-जा पाहावी. घरट्यात शिरण्याआधी ती बहुधा ठरलेल्या एखाद्या फांदीवर क्षणभर टेकतात. फोकस त्या फांदीवर लावून ठेवला, तर चोचीत अळी धरलेला शिंपी मिळेल. अंडी उबण्यास सुमारे १२ दिवस आणि त्यानंतर पिले बाहेर पडण्यास साधारण १४ दिवस लागतात; तेवढ्या काळाची तारीखवार नोंदवही छायाचित्रांसोबत जोडली, तर शिक्षकांनाही ती आवडेल. फ्लॅश वापरू नये, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये, आणि पिले उडून जाईपर्यंत घरट्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नये.

प्रश्न : गंगावेशीतल्या दूध कट्ट्याची, म्हणजे गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून दूध देतात त्या जागेची, छायाचित्रे मोबाईलवर काढायची आहेत. म्हैस नीट दिसली तर दुधाचा फेस पांढराफटक येतो, आणि धार काढणारे हात पुसट होतात. लोक रागावतील अशीही भीती वाटते.
(एक विद्यार्थिनी, शिवाजी पेठ)

उत्तर : विषय फार सुंदर निवडला आहे. काळीभोर म्हैस आणि पांढरा फेस एकाच चौकटीत येतात, म्हणजे रंकाळ्यावरचा बगळा आणि वारकरी एकत्र भेटल्यासारखेच झाले. मोबाईलच्या पडद्यावर ग्लासातल्या फेसावर बोट टेकवा आणि बाजूला दिसणारे सूर्याचे चिन्ह थोडे खाली सरकवा. फेसातले बुडबुडे दिसू लागले की थांबा. म्हैस गडद राहील, ती राहू द्या. तिच्या पाठीवर रस्त्यावरच्या दिव्याची एखादी रेघ चमकली, तरी तिचा आकार कळतो. हात पुसट येण्याचे कारण बहुधा नाईट मोड हे असावे, कारण त्यात मोबाईल एक-दोन सेकंदांत अनेक चित्रे घेऊन ती जोडतो. तो बंद करा आणि चांगले उजाडल्यावर जा.

भीतीवर उपाय असा, की पहिल्या दिवशी मोबाईल खिशातच ठेवून धारोष्ण दुधाचा एक ग्लास घ्यावा, चार शब्द बोलावेत आणि मग विचारावे. नकार मिळाला, तर तो विनातक्रार मानावा. म्हशीच्या तोंडासमोर फ्लॅश मुळीच उडवू नये. ती बुजली तर धार काढणाऱ्याला इजा होईल. काढलेली दोन छायाचित्रे छापून त्या दूधवाल्यांना नेऊन दिलीत, तर पुढच्या वेळी विचारण्याचीही गरज राहणार नाही.

प्रश्न : गावाजवळच्या उसात गवा आल्याची बातमी कळली, की आम्ही मित्र कॅमेरे घेऊन जातो. किती अंतरावरून छायाचित्र काढणे सुरक्षित आहे?
(एक वाचक, करवीर तालुका)

उत्तर : अशा ठिकाणी जाऊच नये, हेच माझे उत्तर आहे. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोच्या आसपास भरतो आणि गर्दीने कोंडला, की वाट मिळेल तिकडे धावतो. त्याला जंगलाकडे परतण्याची वाट मोकळी ठेवणे आणि वन विभागाला कळवणे, एवढेच आपले काम आहे. गवा पाहायचा तर दाजीपूरच्या अभयारण्यात, पावसाळा सोडून, परवाना काढून आणि वाटाड्याला सोबत घेऊन पाहावा. तेथे तो चरताना, कान हलवताना, निवांत दिसतो. गव्याने चौकट बरीचशी भरली असेल, तर कॉम्पेन्सेशन थोडे उणे ठेवावे, म्हणजे त्याचा गडद रंग करडा न पडता पायांतले पांढरे मोजे उठून दिसतात.

प्रश्न : पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते. काय करावे?
(एक वाचक, गगनबावडा)

उत्तर : कॅमेरा कातडी पिशवीत आणि कपाटात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह (ओलावा शोषणारे दाणे) ठेवावा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरावे. डब्यात लहान आर्द्रतामापक ठेवून काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. बुरशीचे जाळे भिंगाच्या आत दिसले, तर लेन्स घरी उघडू नये. जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावी आणि तोवर इतर लेन्सपासून वेगळी ठेवावी.