झोपायच्या फळीखाली कोणती बॅटरी?

प्रश्न: ताई, माझ्या छोट्या पिकअपच्या हौद्यावर राहायची कॅबिन बसवली आहे. आत १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन एजीएम, म्हणजे सीलबंद शिसे-आम्ल प्रकारच्या, बॅटऱ्या आहेत. परवा पाण्याची टाकी भरली, आम्ही दोघं बसलो आणि गाडी काट्यावर घातली, तर मागच्या ॲक्सलवरचं वजन मर्यादेला टेकलेलं निघालं. म्हणून हलकी लिथियम घ्यायची आहे. विक्रेता २०० एएचची घ्या म्हणतो. वापर म्हणाल तर छोटा फ्रिज, दिवे, छतातला पंखा, फोन आणि लॅपटॉप. किती एएचची घेऊ? आणि ती आहे त्याच वायरवर इंजिनवरून चार्ज होईल का?

उत्तर: गाडी काट्यावर घातलीत हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण मागचे पाटे बसल्यावरच माझ्याकडे येतात.

आधी रोजचा खर्च मांडू. तुमचा फ्रिज कॉम्प्रेसरचा असेल तर चालू असताना साधारण ४ अँपिअर ओढतो, पण दिवसभरात मिळून आठ-दहा तासच चालतो. म्हणजे ३५ ते ४० एएच. पंख्याला दहा-बारा, दिवे-फोन-लॅपटॉपला मिळून दहा धरा. दिवसाचे साठच्या आसपास होतात.

आता बॅटरी. एजीएम निम्म्याखाली रोज उतरवली तर लवकर बसते. त्यामुळे तुमच्या २०० एएचमधले खरे हाताशी १००च. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएचची एकच बॅटरी ८० ते ९० एएच बिनधास्त देते. दोन एजीएमचं वजन साठेक किलो, हिचं बारा. एका हाताने उचलता येते. रोज तास-दोन तास गाडी चालवणार असाल किंवा छतावर सोलर असेल, तर २०० एएचची गरज नाही. चार-चार दिवस एकाच जागी, झाडाखाली मुक्काम करणार असाल तरच तिचा विचार करा.

याहूनही हलकी लिथियम मिळते, निकेल-मँगनीज-कोबाल्टची. ती मी राहायच्या कॅबिनमध्ये बसवत नाही. तुम्ही तिच्यावर फळी टाकून झोपणार आहात. फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, सहजी सुटत नाही, त्यामुळे ती भडकायला बरीच जास्त उष्णता लागते. त्यासाठी दोन-चार किलो जास्त वाहायला माझी ना नाही.

आहे त्या वायरवर थेट जोडू नका, हे मात्र कळकळीने सांगते. लिथियमचा आतला रोध इतका कमी असतो की रिकामी बॅटरी अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनवरच्या जनित्राकडून, मिळेल तेवढा करंट ओढत राहते. इंजिन आयडलवर असलं की अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो आणि वाइंडिंग तापतं. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. अल्टरनेटर उघडला तर तांब्याच्या तारेवरचं वार्निश करपून काळं पडलेलं, आणि वास तर आठवडाभर हाताचा गेला नाही. मध्ये २० किंवा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर टाका, म्हणजे अल्टरनेटरकडून तेवढाच ठरावीक करंट घेतला जाईल. ३० अँपिअरवर तुमचा दिवसाचा खर्च दोन-सव्वादोन तासांत भरून निघतो. गाडी नव्या पद्धतीची, अल्टरनेटरचा व्होल्टेज आपोआप कमी करणारी असली तरी हा चार्जर तो वाढवून घेतो. २०० एएचऐवजी १०० घेऊन वाचलेले पैसे इथे घाला.

फ्यूजमध्ये काटकसर नको. शॉर्ट झाला तर ही बॅटरी क्षणात हजारो अँपिअर सोडते, आणि साधा पात्याचा फ्यूज वितळूनही आत ठिणगी चालूच राहू शकते. क्लास टी, म्हणजे एवढा मोठा करंटही तोडणारा, फ्यूज घ्या आणि प्लस टर्मिनलपासून वीतभराच्या आत बसवा.

जुना व्होल्टमीटर बघून किती चार्ज उरलाय ते कळणार नाही. एजीएम उतरत जाते तसा काटाही उतरतो. फॉस्फेट बॅटरी मात्र जवळजवळ शेवटपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास रेंगाळते आणि मग एकदम खाली येते. माझ्याच गाडीत संध्याकाळी मीटर १३.१ दाखवत होता आणि रात्री तीनला फ्रिजची घरघर थांबली म्हणून जाग आली. बीएमएसने, म्हणजे बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने, बॅटरी तोडली होती. तेव्हापासून मी मायनसच्या तारेत शंट (करंट मोजणारा भाग) लावल्याशिवाय गाडी देत नाही. आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रत्येक अँपिअर तो मोजतो.

थंड प्रदेशात जाणार असाल तर शून्य अंशाखाली चार्जिंग आपोआप थांबवणारी बॅटरीच घ्या. गोठलेल्या सेलमध्ये करंट ढकलला तर लिथियमचा धातू आतल्या पट्टीवर साचतो आणि ते नुकसान परत भरून येत नाही. वापरायला शून्याखालीही हरकत नाही, अडचण चार्जिंगचीच. बॅटरी कॅबिनच्या आत, मागच्या ॲक्सलच्या पुढे आणि जमिनीलगत पट्ट्याने आवळून ठेवा. ऊबही मिळेल आणि गाडीचा तोलही राहील. बॉनेटखाली नको, तिथली धग तिला सोसत नाही.

घरच्या विजेवरचा तुमचा चार्जर एजीएमचाच असेल, तर त्यावर लिथियमची सेटिंग आहे का बघा. नसेल तर इक्वलायझेशन, म्हणजे शिसे-आम्ल बॅटरीला मुद्दाम जादा व्होल्टेज देण्याची पायरी, कायमचं बंद करता आलं पाहिजे. ते १५ व्होल्टच्या वर जातं आणि या बॅटरीला १४.६ च्या पुढे काहीही नको.